ॲग्रोइकॉलॉजी प्रशिक्षण केंद्राची पहिली भेट: काय बघायचं, काय विचारायचं, काय मोजायचं

केंद्रातून परतणाऱ्या बहुतेक नवख्यांच्या वहीत कृतीच कृती असतात. अर्कासाठी किती पाला घ्यायचा, कंपोस्टच्या ढिगात कोणता थर आधी, दोन ओळींत अंतर किती. घरी जाऊन ते तसंच्या तसं करतात, पहिल्या हंगामात जमत नाही आणि ‘आपल्या जमिनीत हे चालत नाही’ असं म्हणून वही मिटते. खरं तर ती कृती त्या केंद्राच्या मातीला, उताराला, पावसाला आणि तिथे राबणाऱ्या हातांना बेतलेली असते. यातलं एक जरी बदललं तरी कृती बदलावी लागते, आणि ती कशी बदलायची हे कळायला तिच्यामागचं कारण ठाऊक असावं लागतं. म्हणून या भेटीतून आणायची ती कारणं. ती कशी शोधायची, हे इथे क्रमाने सांगत आहे.

जाण्याआधी एवढं माहीत असू द्या

‘ॲग्रोइकॉलॉजी’ हा शब्द मूळचे रशियाचे कृषिशास्त्रज्ञ बेन्सिन यांनी 1928 मध्ये वापरला. तेव्हा त्याचा अर्थ पीक आणि परिस्थिती यांच्या नात्याचा अभ्यास एवढाच होता. आज त्यात विज्ञान, शेती करण्याची रीत आणि शेतकऱ्यांच्या चळवळी हे तिन्ही येतं. गाभा मात्र एकच आहे: शेताकडे परिसंस्था म्हणून पाहायचं. खताच्या पिशवीने जे काम होतं ते आधी कोण करत होतं, फवारणीने जे काम होतं ते कोण करत होतं, आणि त्यांना पुन्हा कामाला लावता येईल का, हा तिचा मूळ प्रश्न.

संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने ॲग्रोइकॉलॉजीचे 10 घटक मांडले आहेत, आणि 2019 मध्ये जागतिक अन्नसुरक्षा समितीच्या तज्ज्ञगटाने 13 तत्त्वं सांगितली. केंद्राच्या भिंतीवर ही यादी बहुधा लावलेली असते. पाठ करत बसू नका. पहिल्या भेटीत चार गोष्टी डोळ्यांसमोर ठेवल्या तरी पुष्कळ झालं: विविधता, पुनर्चक्रण, परस्परपूरकता आणि ज्ञानाची देवाणघेवाण. उरलेल्या गोष्टी शेतात उभं राहिल्यावर याच चारांतून उलगडत जातात.

आणखी एक फरक आधीच कळलेला बरा. सेंद्रिय प्रमाणपत्र मुख्यत्वे कोणत्या निविष्ठा (खत, औषध असं शेतात घालायचं साहित्य) चालतात आणि कोणत्या चालत नाहीत यावर ठरतं. ॲग्रोइकॉलॉजी मुळात शेताची रचना पाहते. प्रमाणित सेंद्रिय शेतातही एकच पीक लांबच लांब पसरलेलं आणि सगळी खतं बाहेरून आणलेली असू शकतात. उलट, प्रमाणपत्राचं नावही न घेतलेल्या एखाद्या शेतात निम्म्याहून जास्त काम माती, कीटक आणि झाडंच करत असतात.

पायरी 1: केंद्र निवडणं

अमेरिकी शास्त्रज्ञ स्टीफन ग्लीसमन यांनी शेतीच्या बदलाचे 5 टप्पे सांगितले आहेत. पहिला, आहे त्याच रसायनांचा वापर काटकसरीने करणं. दुसरा, रसायनांच्या जागी जैविक निविष्ठा आणणं. तिसरा, शेताची मांडणीच बदलणं, म्हणजे ज्या अडचणीसाठी निविष्ठा लागते ती अडचणच कमी होईल असं पाहणं. चौथा, पिकवणारा आणि खाणारा यांना पुन्हा थेट जोडणं. पाचवा, सगळी अन्नव्यवस्था न्याय्य आणि टिकाऊ करणं.

केंद्र निवडताना हे टप्पे फार उपयोगी पडतात. स्वतःला ॲग्रोइकॉलॉजीचं म्हणवणारी बरीच केंद्रं दुसऱ्या टप्प्यावर थांबलेली असतात. तिथे दिवसभर अर्क, द्रावणं आणि कल्चर बनवायला शिकवतात. ते शिकण्यात वावगं काहीच नाही, पण ते औषध बदलणं झालं. दुखणं का होतं, हा प्रश्न तिसऱ्या टप्प्यावर सुरू होतो. म्हणून आधी फोन करून एवढंच विचारा: ‘तुमच्याकडे मागच्या काही वर्षांत शेताच्या मांडणीत काय बदललं आणि का?’ उत्तरात पिकांची फेरपालट, बांधावरची झाडं, जनावरांची जागा, पाण्याची वाट असं काही आलं तर जा. नुसती द्रावणांची नावं आली तर दुसरं केंद्र शोधा.

केंद्रांचे प्रकारही वेगवेगळे असतात. काही संशोधनाची ठिकाणं आहेत. इंग्लंडमध्ये रॉथॅमस्टेड या संशोधन संस्थेतला ब्रॉडबाल्क हा गव्हाचा प्रयोग 1843 पासून सुरू आहे. स्वित्झर्लंडमध्ये सेंद्रिय आणि रासायनिक पद्धती शेजारी शेजारी ताडून पाहणारा ‘डॉक’ प्रयोग 1978 पासून, तर अमेरिकेच्या रोडेल इन्स्टिट्यूटचा तसाच प्रयोग 1981 पासून. अशा ठिकाणी आकडे भक्कम मिळतात, कारण माती दोन-चार हंगामांत बोलत नाही. दुसरा प्रकार म्हणजे प्रत्यक्ष चालणारं शेत हेच केंद्र. पश्चिम आफ्रिकेत बेनिनमधल्या पोर्तो-नोव्हो इथे गॉडफ्रे न्झामुजो यांनी 1985 मध्ये सुरू केलेलं सोंघाई केंद्र याचं मोठं उदाहरण. तिथे पिकं, जनावरं, मासे आणि ऊर्जा एकमेकांत गुंफलेली आहेत. तिसरा प्रकार शेतकऱ्यांनी शेतकऱ्यांना शिकवण्याचा. ग्वाटेमालात 1970 च्या दशकात रुजलेली ‘कांपेसिनो आ कांपेसिनो’ ही रीत मेक्सिको, निकाराग्वा करत क्युबापर्यंत पोहोचली आणि तिथे फोफावली.

नवख्याने सुरुवात कुठून करावी? माझं मत स्पष्ट आहे: जे शेत स्वतःच्या उत्पन्नावर बऱ्यापैकी उभं आहे आणि ज्याची माती, पाऊस, उतार तुमच्या जमिनीच्या जवळपास आहेत, अशा ठिकाणाहून. नावाजलेलं पण दूरच्या हवामानातलं केंद्र दुसऱ्या फेरीला ठेवा.

तारीख ठरवताना प्रदर्शनाचा किंवा समारंभाचा दिवस टाळा. पाऊस सुरू असतानाचे किंवा नुकताच होऊन गेल्यानंतरचे दिवस सर्वांत चांगले. पाणी कुठून येतं, कुठे थांबतं, काय वाहून नेतं हे तेव्हा उघड्या डोळ्यांनी दिसतं. मुक्कामाची सोय असेल तर निदान एक रात्र राहाच. पहाटेची आणि संध्याकाळची कामं दिवसाच्या फेरीत दिसत नाहीत, आणि शेताचा खरा भार बहुतेक वेळा त्याच कामांचा असतो.

पायरी 2: आपली जमीन समजून घेऊन निघा

रिकाम्या हातांनी गेलात तर सगळंच छान वाटेल आणि काहीच उपयोगी पडणार नाही. आधी स्वतःच्या जमिनीबद्दल थोडं लिहून काढा: पाऊस कोणत्या महिन्यांत आणि साधारण किती, उतार कुठून कुठे, पाणी कुठे साचतं, आणि तुम्हाला छळणाऱ्या तीन अडचणी. या अडचणी नेमक्या शब्दांत हव्यात. ‘उत्पन्न कमी’ ही अडचण नव्हे. ‘पावसानंतर तीनच दिवसांत वरचा थर कडक होतो आणि उगवण विरळ येते’ ही अडचण.

जमीन नसेल, नुसती आस्था असेल, तरी हरकत नाही. एखादी बाग, मोकळी पट्टी, ओळखीच्या माणसाचं शेत, काहीही धरा. बघायला एक ठरलेला कोन लागतो, तेवढ्यासाठी.

मातीचा पोत घरीच बघून ठेवा. सरळ बाजूंच्या पारदर्शक बरणीत एक तृतीयांश माती घ्या, पाणी भरा, चिमूटभर कपडे धुण्याची पूड टाका, जोरात हलवा आणि ठेवून द्या. वाळू मिनिटभरात तळाला बसते, पोयटा काही तासांत, चिकणमाती एक-दोन दिवसांत. थरांची जाडी मोजली की कोणत्या भागाचं प्रमाण किती, याचा अंदाज येतो. केंद्रातली माती तुमच्यापेक्षा वालुकामय आहे की चिकण, हे कळल्याशिवाय तिथल्या कोणत्याही आकड्याला अर्थ नाही.

सोबत वही, पेन्सिल (शाई पावसात पसरते), मोजपट्टी, 10 पट मोठं दाखवणारं भिंग, छोटं खुरपं आणि पाण्याची बाटली ठेवा. आपल्या शेतातली माती मात्र नेऊ नका, आणि तिथली आणू नका. बुटांचे तळ निघण्याआधी आणि परतताना घासून, धुऊन, वाळवून घ्या. सूत्रकृमी (मातीतले सूक्ष्म कृमी) आणि मर रोगाच्या बुरशी चिखलाबरोबर सहज प्रवास करतात. केळीवरच्या टीआर4 या मर रोगाच्या बुरशीचे बीजाणू मातीत दशकानुदशकं जिवंत राहू शकतात. केंद्राने बुटांसाठी जंतुनाशक पाण्याचं कुंड ठेवलं असेल तर ती माणसं गंभीरपणे काम करतात, असं खुशाल समजा.

पायरी 3: पोहोचल्यावर आधी पूर्ण फेरी

सभागृहातल्या सादरीकरणाआधी शेतात फिरायची परवानगी मागा. सर्वांत उंच टोकापासून सुरुवात करा आणि पाण्याच्या वाटेने खाली या. चालताना साधा नकाशा काढा: उतार, झाडं, गोठा, ढीग, तळं, वाफे, राहण्याची घरं. मग त्यावर बाण काढा. कशातून काय निघतं आणि ते कुठे जातं? गोठ्यातलं शेण कुठे, तळ्यातला गाळ कुठे, छाटलेल्या फांद्या कुठे, स्वयंपाकघरातला ओला कचरा कुठे?

या नकाशावरची सर्वांत महत्त्वाची जागा म्हणजे फाटक. मागच्या वर्षभरात फाटकातून आत काय काय आलं, ते विचारा: शेण, पेंढा, पशुखाद्य, बियाणं, डिझेल, आच्छादनाचं (माती झाकायचं) साहित्य. बाहेर काय गेलं, तेही विचारा. काळीभोर, भुसभुशीत माती बघून माणूस भारावतो, पण ती माती बाहेरून आणलेल्या शेणखताच्या गाड्यांवर उभी असेल तर एका जमिनीची सुपीकता दुसरीकडे हलवली, इतकंच झालं. लहान बागेला ते परवडतं; सगळा गाव तसं करू लागला तर इतकं शेण येणार कुठून? प्रामाणिक केंद्र याचं उत्तर न अडखळता देतं. काही ठिकाणी तर ‘अजून एवढं बाहेरून आणावं लागतं’ अशी नोंदच ठेवलेली असते. अशा केंद्रात जास्त वेळ थांबा.

विविधता मोजताना नुसती पिकांची संख्या मोजू नका. दहा पिकं दहा वेगळ्या वाफ्यांत, एकमेकांशी संबंध नसलेली, अशीही असतात. प्रत्येक घटकाला निदान दोन-तीन बाण जोडलेले आहेत का, ते पाहा. कडेचं झाड सावली देतं, वारा अडवतं, पाला देतं, पक्ष्यांना बसायला जागा देतं. त्याला चार बाण. ज्याला एकच बाण आहे, त्याच्याबद्दल आवर्जून विचारा.

पायरी 4: मातीपाशी थांबा

इथे सर्वांत जास्त वेळ द्या. बाकी सगळं पुढच्या हंगामात बदलेल, माती मात्र त्या केंद्राने इतक्या वर्षांत काय केलं याचा हिशेब दाखवते.

तीन जागा निवडा: नेहमी पीक घेतात ती, कधीच न नांगरलेली (बांध, झाडाखाली) आणि केंद्रातली सर्वांत वाईट. ही तिसरी जागा तुम्हाला कोणी आपणहून दाखवणार नाही, मागावी लागेल. तुलना नसेल तर चांगल्या मातीचं चांगलेपण कळत नाही.

प्रत्येक जागी 20 सेंटिमीटर लांब, तितकाच रुंद आणि तितकाच खोल मातीचा ठोकळा फावड्याने उचला. हातांनी हलकेच फोडा. रवाळ कण सुटतात, की आडव्या पापुद्र्यांसारखे तुकडे पडतात? मुळं सरळ खाली गेलीत, की एका खोलीवर जाऊन आडवी वळलीत? आडवी वळली असतील तर तिथे नांगराच्या किंवा यंत्रांच्या वजनाने बनलेला कडक थर आहे. वास घ्या. पहिल्या पावसाचा जो वास आपल्याला आवडतो तो मुख्यतः जिओस्मिन या द्रव्याचा, आणि ते मातीतले ॲक्टिनोमायसिटीज गटातले जीवाणू बनवतात. सडक्या अंड्याचा वास आला तर मातीला हवा मिळत नाही. त्याच ठोकळ्यातली गांडुळं मोजा, पण कोरड्या दिवसांत ती खोल गेलेली असतात, तेव्हा आकड्याबरोबर ओलावा आणि महिना लिहिल्याशिवाय ती नोंद निरर्थक.

मग ढेकळाची परीक्षा. तिन्ही जागांची वाळलेली छोटी ढेकळं जाळीवर ठेवून अलगद पाण्यात सोडा आणि पाच मिनिटं बघत राहा. एक ढेकूळ लगेच विरघळून चिखल होईल, दुसरं आकार धरून राहील. विरघळलेल्या मातीचं शेतात काय होतं? पावसाचे थेंब कण सुटे करतात, ते बारीक कण छिद्रांत बसतात, वर पापुद्रा धरतो आणि पुढचं पाणी आत जाण्याऐवजी वाहून जातं. वर लिहिलेल्या ‘वरचा थर कडक होतो’ या अडचणीचं मूळ पुष्कळदा इथेच सापडतं.

पाणी मुरण्याचा वेगही मोजता येतो. 15 सेंटिमीटर व्यासाचं पाइपाचं कडं जमिनीत अर्धं ठोका, आत साधारण 440 मिलिलिटर पाणी ओता. ते अडीच सेंटिमीटर पावसाइतकं होतं. मुरायला किती वेळ लागला ते लिहा. मग तेवढंच पाणी पुन्हा ओता आणि दुसऱ्या वेळची नोंद खरी धरा, कारण पहिलं पाणी कोरड्या मातीची तहान भागवण्यातच जातं. हेक्टरभर जमिनीवर पडलेला 1 मिलिमीटर पाऊस म्हणजे 10,000 लिटर पाणी. दोन जागांच्या मुरण्यातला फरक पाहिला की वर्षाला किती पाणी आपल्या डोळ्यांदेखत निघून जातं, याचा अंदाज येतो.

आता कारण. मुळं प्रकाशसंश्लेषणातून तयार झालेल्या साखरेचा काही भाग मातीत सोडतात. त्यावर जीवाणू आणि बुरशी जगतात. बुरशीचे तंतू आणि जीवाणूंचा चिकट स्राव मातीचे कण एकत्र बांधतात, आणि त्या रव्यांमधल्या पोकळ्यांत हवा-पाणी राहतं. नांगराने हे तंतू तुटतात, उघड्या उन्हाने वरचा थर तापतो आणि जिवंत मूळ नसलं की खाणं बंद होतं. म्हणजे आच्छादन, कमी मशागत, वर्षभर काहीतरी उगवतं ठेवणं ही तीन वेगळी तंत्रं नाहीत. एकाच कामाची ती तीन अंगं आहेत. केंद्रात एकच प्रश्न विचारायला मिळाला तर मी हा विचारायला सांगेन: ‘इथल्या जमिनीत वर्षातले किती महिने जिवंत मूळ असतं?’

आच्छादनाबाबत एक सावधगिरी. भुसा, वाळलेला पेंढा यांत कर्ब (कार्बन) खूप आणि नत्र (नायट्रोजन) कमी असतं. ते पृष्ठभागावर ठेवलं तर ठीक. मातीत मिसळलं तर ते कुजवण्यासाठी जीवाणू मातीतलं नत्र ओढून घेतात आणि पीक काही काळ पिवळं पडतं. ‘आच्छादन केलं आणि पीक खराब झालं’ या तक्रारीमागे अनेकदा हेच असतं. कुठे आच्छादन चालत नाही, हेही विचारून घ्या. थंड, ओल्या, निचरा नसलेल्या जमिनीत ते गोगलगायींना आणि कुजीला निमंत्रण ठरू शकतं.

पायरी 5: एक जोडी निवडा आणि तिचा माग काढा

केंद्रात आंतरपिकांच्या कितीतरी जोड्या दाखवतील. सगळ्या लिहून घेण्यापेक्षा एकच जोडी निवडा आणि कोण कोणासाठी काय करतं हे शेवटपर्यंत विचारा.

कसं विचारायचं, त्याचं उत्तम उदाहरण म्हणजे ‘पुश-पुल’ पद्धत. केनियातल्या ‘इसिपे’ या आंतरराष्ट्रीय कीटकशास्त्र केंद्राने रॉथॅमस्टेडबरोबर ती 1990 च्या दशकात विकसित केली. मक्याच्या ओळींमध्ये डेस्मोडियम ही द्विदल वनस्पती लावतात आणि शेताच्या कडेने नेपियर गवत. डेस्मोडियमच्या वासाने खोडकिड्याचे पतंग मक्यापासून दूर जातात, नेपियरकडे ओढले जातात आणि तिथेच अंडी घालतात. नेपियरच्या चिकट स्रावात बहुतेक अळ्या जगत नाहीत. शिवाय डेस्मोडियमच्या मुळांतून जे द्रव्य सुटतं त्याने टारफुला हे परोपजीवी तण आवरतं, डेस्मोडियम द्विदल असल्याने जमिनीत नत्र वाढतं आणि दोन्ही वनस्पतींचा चारा होतो. आता समजा तुमच्याकडे डेस्मोडियम मिळत नाही. कृती घेऊन आला असाल तर इथेच अडलात. कारण घेऊन आला असाल तर प्रश्न बदलतो: आपल्या किडीला नकोसा वाटणारा वास कोणत्या वनस्पतीला आहे, आणि त्या किडीला मुख्य पिकापेक्षा जास्त आवडणारं काय आहे?

मका, वेलीचा घेवडा आणि भोपळा ही मध्य अमेरिकेतली जुनी त्रयी बहुतेक ठिकाणी दाखवतात. मका वेलीला आधार देतो, भोपळा जमीन झाकतो, घेवडा नत्र देतो, असं सांगतात. शेवटचं वाक्य अर्धंच खरं आहे. घेवड्याने हवेतून बांधलेलं नत्र बरंचसं त्याच्याच दाण्यांत आणि पाल्यात जातं. शेजारच्या मक्याला त्याच हंगामात थोडंच मिळतं. दाणेही नेले, पालाही नेला, तर जमिनीत फारसं उरत नाही. त्यामुळे काढणीनंतर द्विदल पिकाचा पाला, मुळं कुठे जातात हे विचाराच. मुळावरच्या गाठी नखाने फोडून पाहा: आतून गुलाबी-लाल असतील तर नत्र बांधण्याचं काम चालू आहे, पांढऱ्या किंवा हिरवट असतील तर नाही.

मिश्र पिकाचा फायदा खरंच होतो का, हे तपासायला साधं गणित आहे. मिश्र शेतात मका एकट्या मक्याच्या 0.7 पट आला आणि घेवडा एकट्या घेवड्याच्या 0.5 पट आला, तर बेरीज 1.2. म्हणजे एक हेक्टर मिश्र शेताइतकं पिकवायला वेगवेगळी पिकं घेतल्यास 1.2 हेक्टर लागले असते. बेरीज 1 च्या खाली आली तर ती जोडी एकमेकांना मारक आहे. केंद्राकडे एकट्या पिकाचं उत्पादन मोजलेलं नसेल तर फायद्याचा दावा तपासता येणार नाही, तशी नोंद करून ठेवा.

फुलांच्या पट्टीपाशी अर्धा तास गप्प बसा. भिंग काढा. मावा असलेल्या फांदीवर ढालकिड्याची अळी दिसेल. ती काळपट, लांबट, काटेरी असते आणि तिलाच कीड समजून पुष्कळ लोक मारतात. परोपजीवी गांधीलमाशी एवढीशी असते की सांगितल्याशिवाय नजरेत भरत नाही. तिच्या अळ्या किडीच्या अंगात वाढतात, पण पूर्ण वाढलेल्या माशीला फुलांतला मकरंद लागतो. शेतात फूलच नसेल तर ती राहील कशाला? बारीक फुलांची शेपू, धने, बडीशेप यांसारखी झाडं कडेला का लावतात, त्याचं हे उत्तर. आणि वनस्पतिजन्य अर्क फवारला तरी तो मित्रकीटकांना लागू शकतो, हे केंद्रातले लोक सांगतात का तेही पाहा.

पायरी 6: हात लावा

नुसतं बघून जे कळत नाही ते काम करताना कळतं. केंद्रात चाललेलं कोणतंही काम असो, खुरपणी, ढीग पालटणं, रोपं लावणं, त्यात सामील व्हा.

शिकण्याजोगी एक गोष्ट मात्र आग्रहाने मागून घ्या: ए-फ्रेमने समपातळी रेषा आखणं. दोन सारख्या लांबीच्या काठ्या वरच्या टोकाला एकत्र बांधलेल्या, मध्ये आडवी काठी, वरून दोरीला बांधलेला दगड. काठ्यांचे पाय जिथे टेकले तिथे खुंट्या मारा, दोरी आडव्या काठीला जिथे स्पर्श करते तिथे खूण करा. मग पायांची अदलाबदल करून पुन्हा खूण करा. दोन खुणांच्या बरोबर मधोमध दोरी आली की दोन्ही पाय एका पातळीत. असं पुढे पुढे जात उताराला आडवी रेषा आखता येते, आणि पेरणी, गवताची पट्टी, चर सगळं त्या रेषेवर बसतं. वीज नको, यंत्र नको. उताराची जमीन असलेल्यासाठी इतकी मोलाची दुसरी कला मला ठाऊक नाही.

कंपोस्टवर थोडक्यात: कर्ब-नत्राचं प्रमाण साधारण 25 ते 30 ला 1, ओलावा पिळलेल्या फडक्याइतका, आणि ढिगाच्या मध्यभागी 55 अंश सेल्सिअसच्या वर तापमान काही दिवस टिकलं तर तणांचं बी आणि रोगजंतू बऱ्याच अंशी मरतात. तापमानाची नोंदवही मागा. ती नसेल तर ढिगात लोखंडी सळई खुपसून दहा मिनिटांनी हात लावून बघा.

पायरी 7: माणसांशी बोला

प्रमुख प्रशिक्षकांशी बोलून झालं की रोज शेतात राबणाऱ्यांशी बोला, शक्यतो कामाच्या वेळेत, त्यांच्याबरोबर काम करता करता. कोणतं काम सर्वांत कंटाळवाणं आहे? कोणत्या महिन्यात हात कमी पडतात? काय करून पाहिलं आणि सोडून दिलं? शेवटच्या प्रश्नाला सर्वांत जास्त वेळ द्या. सोडून दिलेल्या गोष्टींची यादी तुम्हाला पुढची दोन वर्षं वाचवू शकते.

श्रमाचा प्रश्न बाजूला ठेवून ॲग्रोइकॉलॉजी शिकता येत नाही. तणनाशक बंद झालं तर खुरपणी कोण करतं? घरातल्या बाईवर ते काम जाऊन पडलं आणि निर्णय मात्र दुसऱ्याच्या हाती राहिले, तर माती सुधारूनही ती शेती न्याय्य झाली नाही. मानवी आणि सामाजिक मूल्यं हा अन्न व कृषी संघटनेच्या 10 घटकांपैकी एक आहे. तो सजावटीसाठी नाही. केंद्रात स्वयंसेवक किंवा प्रशिक्षणार्थी फुकट काम करत असतील तर त्यांचे तास हिशेबात धरलेत का, ते विचारा. तसंच केंद्राचं उत्पन्न मालाच्या विक्रीतून किती आणि प्रशिक्षण, देणग्यांतून किती? यात आक्षेप घेण्यासारखं काही नाही, शिकवणं हेही कामच आहे. पण ‘हे शेत स्वतःच्या पायावर उभं आहे’ असं सांगितलं जात असेल तर ही विभागणी कळायला हवी.

बियाण्याबद्दल विचारा: स्वतःचं किती ठेवतात, परपरागीभवन होणाऱ्या (दुसऱ्या झाडाच्या परागांनी फळणाऱ्या) पिकांत अंतर किती राखतात, वाण कोणासोबत देवाणघेवाण करतात. भेट म्हणून बी दिलं तर वाण, जागा आणि तारीख लिहून घ्या. दुसऱ्या देशातून परतत असाल तर वनस्पती आरोग्य प्रमाणपत्राशिवाय बी किंवा कलमं आणू नका.

पायरी 8: परतल्यावर

दोन दिवसांच्या आत वही साफ लिहून काढा. पानाचे तीन भाग करा: काय पाहिलं, ते का चालतं, माझ्याकडे कोणती अट वेगळी आहे. दुसरा रकाना रिकामा राहिला असेल तर केंद्राला फोन करून विचारा. बहुतेक केंद्रांना असे प्रश्न आवडतात.

मग एकच गोष्ट निवडा. कांपेसिनो चळवळीतली शिकवणही हीच: थोड्यापासून, लहान जागेवर सुरू करा आणि पटल्यावर वाढवा. तुमच्या तीन अडचणींपैकी एकीशी थेट जोडलेली गोष्ट घ्या. शेताचा लहान तुकडा घ्या, त्याला लागून तितकाच तुकडा नेहमीच्या पद्धतीने ठेवा. जमलं तर अशा जोड्या दोन-तीन ठिकाणी करा, कारण एका कोपऱ्यातली माती मुळातच बरी असू शकते. काय मोजायचं ते पेरणीआधी लिहून ठेवा: उगवलेली रोपं, पाणी मुरायला लागलेला वेळ, खुरपणीचे तास, उत्पादन. नंतर ठरवलं तर मन सोयीचे आकडे निवडतं.

पहिल्या हंगामात फरक दिसलाच पाहिजे अशी अट घालू नका. आच्छादनामुळे टिकलेला ओलावा काही आठवड्यांत कळतो, मित्रकीटकांना एक-दोन हंगाम लागतात, सेंद्रिय कर्ब वाढायला वर्षं लागतात. प्रत्येक बदलाला त्याचं त्याचं घड्याळ आहे. कोणत्या नोंदीकडे कधी बघायचं हे त्यावरून ठरवा.

त्याच केंद्रात पुन्हा जायचं तर उलट्या हंगामात जा. पावसात गेला असाल तर कोरड्या दिवसांत. तेव्हा आपली मोजमापं सोबत न्या आणि आधी तीच दाखवा. दोन्ही तुकड्यांचे आकडे समोर ठेवले की चर्चा तुमच्या जमिनीवर येते. आणि तुमच्या जमिनीत जे निराळं घडलं ते केंद्रालाही हवंच असतं, कारण त्यांच्याकडे फक्त त्यांचीच माती आहे.